रविवारी सुट्टी घेणारा उजेड

हिरव्यानं अखेर आपला शोधनिबंध मागे घेतला आणि कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘लेखकाचा वेंधळेपणा’. कायम नोकरी हातातोंडाशी आली होती, ती गेली. पण हे काही घडलंच नाही. निदान संस्थेत तरी तसंच ठरलं आहे. जिन्याजवळच्या भिंतीवरचं त्याच्या शोधाचं पोस्टर उतरवलं गेलं, मागे चार खिळे राहिले, आणि कुणी विचारलंच तर खिळे इमारतीबरोबरच आले होते असं सांगायचं, यावर शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. संस्थेच्या इतिहासातलं हे दुसरं एकमत. पहिलं कॅन्टीनच्या चहाबद्दल होतं. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरून चालू आणि त्या मंगळवारी सकाळी हिरवा आपल्या टेबलाशी बसून एका पायातला बूट काढून त्यातला खडा शोधत होता, तिथपासून बघू.

खडा सापडला नाही. परीक्षक क्रमांक दोनचं पत्र सापडलं. शोधनिबंध छापण्याआधी दोन अनोळखी माणसं तो तपासतात, त्यांतला हा दुसरा. त्यानं अकरा आक्षेप घेतले होते. दहा स्वल्पविरामांबद्दल होते. अकरावा असा : ‘लेखकांनी वर्णिलेला उजेड रविवारी दिसत नाही. वातावरणाला साप्ताहिक सुट्टी असते काय, याचा खुलासा व्हावा.’ हिरवा एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत ते वाक्य तीनदा वाचत राहिला. पहिल्यांदा त्याला हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला, आणि तिसऱ्यांदा त्यानं उरलेला बूटही काढून ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या तांबडीबाईंनी मान वाकडी करून पत्र वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘हिरव्या, तुझ्या उजेडाची युनियन आहे का रे?’’

हिरवा आणि तांबडीबाई ही त्यांची नावं नव्हेत, खाती होत. ध्रुवाजवळच्या आकाशात, शंभर ते तीनशे किलोमीटर वर, सूर्याकडून आलेले कण हवेतल्या ऑक्सिजनला धडकतात. अणू खवळतो आणि शांत होताना उजेड टाकतो. एक उजेड हिरवा, एक तांबडा. हिरवा अभ्यासणारा तो हिरवा आणि तांबडा अभ्यासणाऱ्या त्या तांबडीबाई. निळाही असतो, पण निळ्याची जागा सहा वर्षं रिकामी होती आणि तिच्या खुर्चीवर दोघं डबे ठेवत. दोघांपैकी कुणीही तो उजेड प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. ध्रुवावरच्या तळावर काचेच्या घुमटाखाली एक कॅमेरा आकाशाकडे तोंड करून बसलेला असे, त्याच्यापुढे एक चाक फिरे, चाकात चार काचा. पंधरा सेकंद हिरवी, पंधरा सेकंद तांबडी, मग निळी, मग एक साधी, आणि पुन्हा हिरवी. चित्रं शहरात येत ती ताटलीसारखी गोल आणि करडी. हिरव्या काचेतून आलेलं चित्रही करडंच. बारा वर्षं हिरव्याचा अभ्यास करून त्याच्या डोळ्यांना सवय होती ती करड्याची, आणि बाजारात कुणी झाडाचा हिरवा दाखवला तर त्याला तो जरा भडक वाटे.

या करड्या ताटलीच्या कडेला, तळावरच्या अवजारांच्या खोलीच्या अंगाला, त्याला तिळाएवढा एक डाग सापडला होता. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. तळावर हिवाळ्यात चोवीस तास काळोख, त्यामुळे तिथली दुपार फक्त घड्याळात असे. पण डाग घड्याळ पाळी. आणि खरी गंमत ही की तो फक्त हिरव्यात दिसे. तांबड्यात नाही, निळ्यात नाही, साध्या काचेतही नाही. दिवा असता तर चारही काचांतून दिसला असता. म्हणजे दिवा नव्हे. मग काय? आकाशाचाच एक नवा उजेड, असं हिरव्यानं ठरवलं, आणि तिथे त्याच्या आयुष्याला एकदम वेग आला. संचालकांनी त्याला खांद्यावर हात ठेवून जिन्यापर्यंत नेलं, पोस्टर लागलं, आणि कायम नोकरीच्या यादीत त्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलं गेलं. शाई पुढच्या महिन्यात लागायची होती.

रविवार त्याच्या लक्षात आला नाही, याचं कारण त्यांच्या धंद्यात वार नसतात. वर्षाच्या दिवसांना एकपासून तीनशे पासष्टपर्यंत नंबर असतात. दिवस एकशे ऐंशी, दिवस एकशे एक्क्याऐंशी. सोमवार ही कल्पना वातावरणाला लागू नाही असं हिरव्याचे गुरू शिकवत. परीक्षक क्रमांक दोन मात्र घरी कॅलेंडर टांगणारा गृहस्थ असावा. हिरव्यानं तांबडीबाईंच्या मागची, दूधवाल्यानं दिलेली दोन वर्षांची कॅलेंडरं काढून आणली आणि दोन हिवाळ्यांतले डाग नसलेले दिवस पेन्सिलीनं खुणावले. खुणा एकाखाली एक, शिस्तीत, एकाच रकान्यात उतरत गेल्या. सगळे रविवार. फक्त दिवस क्रमांक एकशे सत्त्याऐंशी हा रविवार असून त्या दिवशी डाग होता. तो दिवस त्याला आठवत होता. तो त्या दिवशी परगावी होता, एका सभागृहात, सत्तर लोकांना हाच डाग दाखवत.

आणि रविवारी अकरा वाजता दादाचा फोन येतो.

हे वाक्य त्याच्या डोक्यात कुणी बोललं नाही. ते तिथे आधीपासूनच बसलेलं होतं आणि त्याला बघून फक्त जरा सरकलं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तळावरचा यंत्रज्ञ. चाक, कॅमेरा, घुमट, जनरेटर, सगळं त्याच्याकडे. तिथे सलग तिसरा हिवाळा काढत होता, आणि एवढा वेळ तिथे राहिलेला माणूस एकतर वेडा असतो किंवा दादा. घरात दादाला ‘दोन मिनिटं’ म्हणत. त्याला काही विचारलं की उत्तर यायला तेवढा वेळ लागे. मंद नव्हता, प्रश्न आत घेई, ठेवी, फिरवून बघे. तोवर घर पुढे गेलेलं असे. आई विचारी, ‘‘अजून वाढू का?’’ आणि भांडी घासून होत आली की दादा म्हणे, ‘‘थोडं.’’ नोकरीच्या मुलाखतींत तर त्याची उत्तरं कायम दाराबाहेरच्या शिपायाला मिळत. एका शिपायानं त्याला तोंडावर सांगितलं होतं की साहेब, माझ्या हातात असतं तर तुम्हाला घेतलं असतं. शेवटी तळासाठी मुलाखत झाली. ‘तिथे का जायचंय?’ असं विचारून अध्यक्ष दादाच्या अर्जावरचा डाग कशाचा आहे ते बघत बसले, त्यात दोन मिनिटं गेली, आणि दादा म्हणाला, ‘‘तिथे गर्दी नाही.’’ एका दमात नेमणूक.

तांबडीबाई एकदा डबा खाताना म्हणाल्या होत्या की त्यांचा तांबडा अणू फार बिचारा असतो. हिरवा पाऊण सेकंदात उजेड टाकून मोकळा होतो, तांबड्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खाली, जिथे हवा दाट, तिथे तेवढ्यात कुणीतरी येऊन त्याला धक्का मारतं आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून तांबडा खूप वर, विरळ हवेतच दिसतो. हिरव्यानं तेव्हा काकडीची फोड तोंडात टाकून म्हटलं होतं, ‘‘आमच्या दादासारखंच की.’’ आणि दोघं हसले होते. हसताना त्याला दिसली होती ती बंदराच्या फाटकातली सकाळ. दादाच्या पाठीवर हिरवट पिशवी, नाकाला सर्दी. टॅक्सीचा मीटर चालू होता. त्यानं दादाला विचारलं होतं, ‘‘तिकडून मला काही कळवत जाशील की नाही?’’ विचारलं आणि घड्याळ बघून, पाठीवर थाप मारून, टॅक्सीत बसला. गाडी वळणावर गेल्यावर त्यानं मागे पाहिलं होतं. दादा अजून तोंड किंचित उघडं ठेवून उभा होता. सर्दीमुळे असेल, असं त्यानं तेव्हा ठरवलं.

संध्याकाळी त्यानं आईला विचारलं, ‘‘मी त्या परिषदेला गेलो होतो, त्या रविवारी दादाचा फोन आला होता?’’

‘‘आला होता की.’’ आई पलंगपोस घडी घालत होती. ‘‘दुसरं टोक धर जरा. तुला विचारत होता. म्हटलं, गेलाय भाषण द्यायला.’’

‘‘मग काय म्हणाला?’’

‘‘काय म्हणणार? मी तुझ्या मावशीच्या गुडघ्याचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, ‘बरं.’ आता ते गुडघ्याला होतं की तुला, कुणास ठाऊक. नीट धर रे, लोळतंय खाली.’’

दर रविवारी फोन टेबलावर ठेवलेला असे, आवाज मोठा केलेला. आई बोले. हिरवा दाढीचा साबण तोंडावर घेऊन खोलीतून जाई आणि म्हणे, ‘‘काय दादा, कसा आहेस?’’ आणि पुढे जाई. मोरीत असताना मागून ऐकू येई, ‘‘बरा.’’ त्यांचं बोलणं एवढंच. पण हे एवढंही दादाच्या हिशेबी बोलणं धरलं जात असेल, आणि ज्या दिवशी बोलणं झालं त्या दिवशी वेगळं काही कळवायची गरज नसेल, हे गणित पलंगपोसाची चार टोकं जुळवताना हिरव्याच्या डोक्यात इतक्या मुकाट्यानं सुटलं की त्याला ते तपासून बघावंसंही वाटेना. फक्त एक अडचण होती. दादा हातातली बॅटरी दाखवत असेल, तर ती चारही काचांतून दिसायला हवी. ही एकाच काचेतून दिसत होती.

ती अडचण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सुटली. कॅन्टीन चालवणारा आचारी पूर्वी तळावर होता. तिथला नियम कडक. कॅमेरा चालू असताना बाहेर काडीचाही उजेड दाखवायचा नाही, दाखवला तर पुढच्या जहाजानं परत. आचाऱ्यानं एका संध्याकाळी बाहेर उभं राहून सिगारेट ओढली होती. तो ठिपका शहरात बसून ज्यानं पकडला आणि तीन पानी तक्रार केली, तो हिरवा. आचाऱ्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. फक्त चहात घेतलं असावं.

‘‘मामा, दादा चार वाजता काय करायचा हो?’’

‘‘घुमटावरचा बर्फ पुसायचा. दहा मिनिटं कॅमेऱ्याचं झाकण बंद, तेवढ्यात पुसायचं.’’ आचाऱ्यानं कप पुढे सरकवला. ‘‘मग झाकण उघडलं की टोपी काढून पेटीला कान लावायचा. त्या थंडीत! कान गळून पडेल म्हटलं. आत चाक फिरतं ना, टक टक, ते ऐकायचा. मी विचारलं, काय ऐकतोस बाबा? जेवणं आटपली तरी उत्तर नाही. मग मी झोपायला निघालो तर म्हणाला, ‘हिरवा कधी येतो ते.’’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, मला वाटलं कुणी माणूस यायचाय. आठवडाभर एक ताट जास्त वाढत होतो. वाया गेलं सगळं.’’ तो जरा थांबला. ‘‘म्हणजे तुम्ही होय तो? कळवायचं तरी. सूप चांगलं झालं होतं.’’

हिरव्यानं तो चहा संपवला. संस्थेत असं आजवर कुणी केलं नव्हतं. पेटीला कान लावून दादा हिरव्या काचेची टक ओळखत असणार. मग तांबडी, निळी, साधी, या पंचेचाळीस सेकंदांत अवजारांच्या खोलीपर्यंत मोजून पावलं टाकत जायचं, आणि पुढची हिरवी आली की बॅटरी लावायची, पंधराच्या आत विझवायची. तांबडीबाईंच्या कामात व्यत्यय नको. निळ्याची जागा रिकामी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून निळ्यालाही नको. दादाला बिचाऱ्याला वाटलं असणार की आपला भाऊ चित्र न् चित्र बघतो, त्याला कळेल. भाऊ बघत होताच. तिळाएवढ्या डागाची तीव्रता त्यानं चार दशांशांपर्यंत काढली होती, त्याचं मूळ चुंबकीय क्षेत्रात आहे असं दाखवणारी सात समीकरणं लिहिली होती, आणि सातवं समीकरण तर फारच देखणं होतं. माणसं आरशात बघून भूत म्हणून ओरडतात तसाच प्रकार. पण या ओरडण्याला संदर्भसूची होती.

आता काय? खरं सांगावं तर दादा पुढच्या जहाजानं परत. परत म्हणजे इथे, या दोन खोल्यांत, मावशीचे गुडघे, वरच्या मजल्यावरचा कुकर, शिपायांना दिलेली उत्तरं. हिरव्यानं कल्पना करून पाहिली आणि त्याला दिसलं की सहा महिन्यांत दादा विचारलेलं आत घेणंही बंद करील. गप्प बसावं तर निबंध छापून येईल, शाई लागेल, आणि मग जगभरातले पंचवीस कॅमेरे चार वाजून दहा मिनिटांनी तो डाग शोधायला लागतील. कुणीतरी हुशार माणूस तळावर जाऊन बघेल. परीक्षक क्रमांक दोन बहुधा तिकीटही काढून बसला असेल. मधला रस्ता संचालकांनीच सुचवला.

‘‘यंत्राचा बिघाड म्हणा हो. चाक अडकलं म्हणा. चौकशीला एक माणूस पाठवू, विषय संपला.’’

‘‘यंत्र ठीक आहे, सर.’’

‘‘तुम्हाला काय माहीत?’’

‘‘चाक वेळेवर फिरतंय. सेकंदाचाही फरक नाही. चूक माझी आहे.’’

‘‘कसली चूक?’’

हिरव्यानं छताकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. ‘‘वेंधळेपणाची.’’

‘‘अहो,’’ संचालक कळवळून म्हणाले, ‘‘कायम व्हायच्या आदल्या महिन्यात माणसं वेंधळी होत नाहीत. नंतर होतात. माझ्याकडे बघा.’’

पण हे सगळं घडलंच नाही, हे वर आलंच आहे. पेन्सिलीनं लिहिलेलं नाव खोडायला रबर पुरतं, हा पेन्सिलीचा फायदा. करार डिसेंबरपर्यंत होता. तांबडीबाईंनी फक्त एवढंच विचारलं, ‘‘वेडा झालास का?’’ आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या डब्याशेजारी आपल्या डब्यातली काकडी ठेवली.

रविवारी हिरव्यानं साडेदहालाच दाढी उरकली आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसला. आईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. अकराला फोन वाजला. तळावर फोन जेवणाच्या खोलीत होता, भोवती आठ-दहा माणसं असत, कुणीतरी चमचा वाजवत होतं.

‘‘दादा, मी बोलतोय.’’

तिकडे चमचा थांबला. आवाज उपग्रहापर्यंत जाऊन यायला काही क्षण लागतात, त्यात दादा. हिरवा टेबलाच्या कडेचा सुटलेला पापुद्रा नखानं दाबत राहिला. ‘लावू नकोस’ एवढं सांगायचं, असं तो आठवडाभर ठरवत होता. दोनच शब्द. चारचौघांत कुणाला कळणारही नाहीत.

‘‘धाकट्या?’’ दादा म्हणाला.

‘‘हो. दुपारी चारला तू...’’ तो थांबला. ‘‘थंडी असते ना फार?’’

‘‘अरे, थंडीचं काय विचारतोस, ध्रुव आहे तो,’’ आई म्हणाली. ‘‘जेवतोस का वेळेवर? मावशीच्या गुडघ्यात आता पाणी झालंय म्हणे...’’

‘‘आई, थांब.’’

‘‘का?’’

‘‘थांब जरा.’’

आई थांबली. तिच्या हयातीत ती फोनवर पहिल्यांदाच थांबत होती, त्यामुळे तिला हातांचं काय करावं कळेना. तिनं ते मांडीखाली घेतले. फोनमधून नुसती घरघर येत होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवला. एक मिनिट हे फार मोठं असतं. त्यात माणसाला आपण विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा होता हे कळतं, पुढचा तयार होतो, तोही मूर्खपणाचा निघतो, आणि मग काही तयार करायचं उरत नाही. हिरव्याच्या पोटरीला मुंग्या आल्या. त्यानं पाय हलवला नाही.

‘‘दिसतं का?’’ दादानं विचारलं.

पाऊण सेकंदात उत्तर द्यायची हिरव्याची जन्मभराची ख्याती. आज तो गप्प. दादाच्या बाजूनं त्या खोलीतल्या सगळ्या माणसांसकट काळोख ऐकू येत होता.

‘‘दिसतं,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘रोज दिसतं.’’

‘‘काय दिसतं?’’ आईनं दोघांनाही विचारलं. मग तिचं तिनेच ठरवलं की फोनमध्ये आता चेहराही दिसतो, आणि पदरानं तो टेबलावरचा फोन पुसून घेतला.

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी डाग उमटला. एका हिरव्या फेरीनंतर जायचा तो गेला नाही. पुढच्या फेरीलाही होता. मधल्या तीन काचांत स्वच्छ काळोख. हिरव्यानं तो बराच वेळ बघितला, तीव्रता मोजली नाही, आणि मग कपाटातून अर्जाचा कोरा कागद काढला. उपकरण व शिस्त समिती ही संस्थेची सर्वोच्च समिती. तिचे तीन सदस्य. एक निवृत्त झाले आहेत, एक निळ्याच्या जागी नेमले जाणारे असल्यामुळे अद्याप नाहीत, आणि तिसरे संचालक, जे दोघांशिवाय बैठक घेऊ शकत नाहीत. अर्ज आवक खिडकीत दिला, तिथल्या बाईंनी शिक्का मारला आणि गठ्ठ्याच्या अगदी खाली ठेवला. तो असा :

‘महोदय,

ध्रुवीय तळाच्या हिरव्या पट्टीतील चित्रांत रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक क्षीण उजेड आढळतो. त्यावरील माझा शोधनिबंध मी मागे घेतला असला तरी उजेड मागे घेतलेला नाही. अन्य पट्ट्यांना त्यापासून उपद्रव नाही. सबब, त्याचा उगम शोधण्यासाठी माणूस, पत्र वा जहाज पाठवण्यात येऊ नये. चित्रांतून तो पुसून टाकण्यात येऊ नये. माझ्या करारानंतर हिरव्या पट्टीवर ज्यांची नेमणूक होईल त्यांनी दररोज सदर वेळी सदर चित्र किमान दोन मिनिटे पाहावे, अशी अट नेमणूकपत्रात घालावी. आणि हा उजेड, विरुद्ध पुरावा समोर आला तरीही, नैसर्गिक समजण्यात यावा, ही नम्र विनंती.’